चौथी जागा

"पंच घरचीच! मग काय वहिनी, जिंकल्यातच जमा की!" तिबुर्सियो म्हणाला, आजूबाजूच्या दहाजणांना ऐकू जाईल अशा आवाजात.

मेल्चोरानं गालातली कोकाची पानं या बाजूची त्या बाजूला केली. "तुझा अल्पाका आधी आडोशाला घे बाबा. वाऱ्यानं उडून जायचा." माणसं खो-खो हसली.

खोटं कशाला बोला, तिचा अल्पाका युराक होताच तसा. उंचापुरा, ताठ मानेचा, आणि लोकर अशी दाट की हात घातला तर मनगट दिसू नये. स्पर्धेच्या रिंगणात आता दोघेच उरले होते, युराक आणि तिबुर्सियोचं ते धुळीनं माखलेलं बुटकं जनावर. जिंकेल तो नर पुढची तीन वर्षं गावातल्या सगळ्या माद्यांना लावायचा, असं गावसभेत ठरलं होतं. पुनोच्या या पठारावर बटाटा आणि लोकर सोडली तर दुसरं आहे काय? घरोघरी युराकची पिल्लं बागडणार, हे मेल्चोरा महिनाभर डोळ्यांसमोर आणत होती.

पंच फाउस्तिना ही तिची सख्खी धाकटी बहीण. कुठलं जनावर कुणाचं ते पंचाला कळू नये, म्हणून सगळ्यांच्या कानातले रंगीत गोंडे सकाळीच काढून घेतले होते. कशाला तो उपद्व्याप! मेल्चोरानंच ज्या बोटांना लोकर शिकवली, त्यांना घरची लोकर कळणार नाही होय? खांदा, बरगडी, मांडी. तीन जागी लोकर फाकायची आणि बघायची. फाउस्तिना तेव्हा जेमतेम सात वर्षांची होती.

फाउस्तिनानं युराकचे दात पाहिले. खांदा पाहिला, बरगडी पाहिली, मांडी पाहिली. मान डोलावली. मेल्चोराचा जीव भांड्यात पडला.

मग फाउस्तिना गुडघे टेकून खाली बसली आणि तिनं पुढच्या पायामागं, पोटाच्या कडेला हात घातला. हात बराच वेळ तिथंच होता. बुटक्यापाशीही ती तशीच बसली.

निकालाचं कारण पंचानं सगळ्यांसमोर सांगायचं, असा इथला रिवाज. फाउस्तिना माइकपाशी आली.

"मोठ्याची लोकर जास्त दाट आहे. चमकही जास्त. पण पोटाचे राठ केस वीतभर वर चढलेत. बाहेरून दिसत नाहीत, पण पिल्लांत उतरतील. लहान्याच्या अंगावर तसं काही नाही. पहिला नंबर लहान्याचा."

तिबुर्सियोनं आ वासला.

मेल्चोरा गर्दीतून तरातरा रिंगणात शिरली आणि बहिणीसमोर जाऊन उभी राहिली. "मी तुला तीन जागा शिकवल्या होत्या. ही चौथी कुठून काढलीस गं?"

"पंचवीस वर्षं लोकर निवडतेय, ताई. हातालाच सापडली." फाउस्तिनानं युराककडे बोट दाखवलं. "माझ्याशी बोलू नकोस हवं तर. पण आधी हात घाल."

मेल्चोरानं युराकच्या पोटाशी हात घातला. मऊ, मऊ, आणि मग बोटांना टोचलं. वर सरकली, तरी टोचलं. ती उठली, बुटक्यापाशी गेली आणि त्याच्या पोटाशी चाचपत राहिली. काही म्हणता काही टोचेना.

तिला रडू फुटलं. युराकसाठी तर होतंच. पण अख्ख्या गावासमोर सख्ख्या बहिणीला नाही म्हणायची छाती या पोरीनं कुठून आणली, या विचारानं ऊर भरून आला होता, ते जास्त. तिनं नाक पुसलं. युराकसाठी विणलेला नवा लाल गोंडा कमरेच्या फडक्यातून बाहेर काढला.

"तिबुर्सियो, बघत काय बसलास? कान धर याचा नीट."

गोंडा बांधून झाल्यावर ती बहिणीकडे वळली. "आणि तू गं, जेवायलाच घरी ये. माझ्या सगळ्या माद्या तपासायच्यात. मला ती चौथी जागा पुन्हा एकदा नीट दाखव."