साडेपाचच्या आत

"बापाचा दहावा व्हायचाय, अन् ही बया डबडं उघडून बसली," गजराआत्या भिंतीला टेकून म्हणाल्या.

राजेश्वरीनं मान वर केली नाही. वडील जाऊन पाच दिवस झाले होते. लॅपटॉपवर सगळ्या चाचण्या हिरव्या दिसत होत्या. घड्याळात चार चाळीस.

वेबसाइटचं नाव विचारलं की तिचा आकडी पत्ता सांगणारा हा डीएनएस सर्व्हर. कुणीही वापरावा, कुणीही उघडून बघावा असा. राजेश्वरीसह देशोदेशीची सात माणसं तो बिनपगारी सांभाळत होती. त्यात एक भोक सापडलं होतं: मुद्दाम बिघडवलेला एखादा प्रश्न आला की सर्व्हर मरून पडे. सावडून माणसं परतली त्या दुपारी राजेश्वरीनं दुरुस्ती लिहिली होती. आज साडेपाचला ती जाहीर व्हायची होती, आणि त्या क्षणापासून भोक कुठं आहे हे चोरांनाही कळणार होतं. दुरुस्ती कच्ची निघून चालणार नव्हतं.

फोन वाजला. चन्नबसप्पा. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, सर्व्हरच्या तपासणीचं काम बघणारे. राहायला सीमेपलीकडं कर्नाटकात, आळंदला; तिच्या मुरुम गावापासून तास-दीड तासावर. पण सात वर्षांत भेट एकदाही नाही. हात कामात होते म्हणून तिनं स्पीकर लावला.

"ताई, सकाळपासून वेडेवाकडे प्रश्न टाकतोय बघा. बारा लाख पचवले. आता एकानं पाडलं."

"माझ्या चाचण्या तर सगळ्या पास आहेत, काका."

"चाचण्या बी तुमच्याच न्हवं? चुकणारं अन् तपासणारं डोकं एकच." "नाव वाचून झाल्यावर लांबी मोजलाव तुम्ही. आधी मोजायची असती."

तिनं पाहिलं. दोन ओळी खालीवर झाल्या होत्या. दुसऱ्या कुणाच्या कामात हे तिनं झोपेतही पकडलं असतं.

"पुढं ढकलू का? घरात दुखवटा हाय, मी सांगतो सगळ्यांना."

"नको. साडेपाचचा शब्द दिलाय."

तिनं ओळ वर घेतली. चन्नबसप्पांनी तोच प्रश्न टाकला. सर्व्हर उभा राहिला. मग बाकीचे लाखो प्रश्न पुन्हा पहिल्यापासून; तयारच असल्यानं आता भराभर.

"आता काय झालं?" आत्यांनी विचारलं.

"वाट बघतोय, आत्या."

आत्यांनी चहाचा कप तिच्याकडं सरकवला आणि त्याही पडद्याकडं बघत बसल्या.

पाच सव्वीसला आवाज आला, "झालं ताई. एक बी न्हाय पडलं. सोडा."

साडेपाचला दुरुस्ती बाहेर पडली.

"काका, तुम्ही नसता तर..." एवढंच ती बोलली, आणि तिचा बांध फुटला. पाच दिवसांत पहिल्यांदाच. चन्नबसप्पा तिचं रडणं ओसरेपर्यंत फोन तसाच धरून बसले, आणि मग एक शब्द न बोलता त्यांनी तो ठेवला.

आत्यांनी डोळ्यांना पदर लावला.

"दुखवट्याच्या घरातनं निघताना येतो म्हणायचं नसतंय. बघ, फोन ठेवताना त्यो बी येतो न्हाय म्हणला," त्या म्हणाल्या. "कोण लागतो गं आपला?"