समुद्र बंद आहे

गावचा प्रमुख वारला की समोरचा समुद्र शंभर रात्री मासेमारीला बंद ठेवायचा, ही फिजीतल्या त्या गावाची रीत. उथळ पाण्यात काठ्या रोवत. शेजारच्या बेटांवरचे कोळी त्या पाहून होडी थांबवत आणि हलक्या आवाजात विचारत, "कोण गेलं?"

उनाइसीचे वडील, गावचे प्रमुख, सकाळी गेले. काका काठ्या घेऊन किनाऱ्यावर उभे होते.

"कुठं रोवू, पोरी? समुद्र तर तू चार वर्षांपूर्वीच कायमचा बंद केलास. पाहुण्यांना मासे बघायचे असतात म्हणून."

"त्या ठरावावर पहिली सही बाबांनीच केली होती, काका."

"केली ना. दादाला तेव्हा कुठं मरायचं होतं."

तरीही त्यांनी काठ्या रोवल्या, उनाइसीच्या पर्यटन समितीने लावलेल्या पिवळ्या तरंगत्या खुणांच्या थोडं पुढं.

दुपारी शेजारच्या बेटावरचा म्हातारा तेविता होडीतून आला. त्याने काठ्या पाहिल्या आणि होडी न थांबवताच हसत ओरडला, "काय गं उनाइसी, हद्द अजून वाढवलीत? तुझ्या बापाला सांग, थोडा समुद्र आम्हालाही ठेव म्हणावं."