छपरापर्यंतची भिंत

भिंत पाद्री विस्तेमीरच्या छातीपर्यंत आली होती. पलीकडून त्याची बायको लिउबा चिखलाचा गोळा वर करायची, तो थापायचा, हाताने सारखा करायचा आणि मागे सरून पाहायचा. मग पुन्हा पुढे होऊन तीच जागा चोळायचा. सकाळपासून त्याने पाणीसुद्धा बसून प्यायलं नव्हतं.

"अहो, भिंत आहे ती, वेदी नव्हे," लिउबा म्हणाली. "किती कुरवाळाल?"

"संध्याकाळी बिशपचा मदतनीस, तो डीकन, बघायला येणार आहे."

"येऊ दे. तो रोमन येणार माझं अंथरूण कुठं पडतं ते बघायला, आणि मी त्याच्यापुढं ऑलिव्ह वाढायचे!"

विस्तेमीरने हात पुढे केला. गोळा आला.

"तोलेदोला राजानं आपला पंथ सोडून रोमनांचा घेतला, तुम्ही सगळ्या पाद्र्यांनी माना डोलावल्या," लिउबा चिखल तुडवता तुडवता बोलतच होती. "कालपर्यंत पुत्र येशू देवबापाहून लहान होता, आता बरोबरीचा झाला. होऊ दे, माझी काही हरकत नाही. पण त्या दोघांचं जमलं म्हणून आपण दोघांनी वेगळं का निजायचं, तेवढं सांगा."

"रोमनांचे पाद्री बायकोबरोबर राहत नाहीत. आता आपण त्यांच्यातले."

"मग आपली पोरं काय आभाळातून पडली?"

"हळू बोल. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत. त्यांची लग्नं तुम्हीच लावलीत, त्यांच्या पोरांना बाप्तिस्म्याच्या पाण्यात तुम्हीच बुडवलंत. पोरं कुठून येतात ते त्यांना ठाऊक आहे."

विस्तेमीरला हसू आलं. ते तोंडावर यायच्या आत त्याने दाराकडे पाहिलं. हे दारही नवं होतं, घराच्या त्याच्या वाट्याच्या अर्ध्या भागातली खिडकी फोडून काढलेलं. बाहेर कुणी नव्हतं. तरी तो जाऊन डोकावून आला.

परतला तेव्हा लिउबा भिंतीला टेकून उभी होती.

"डीकन दुसराही एक मार्ग सांगून गेला होता ना," ती म्हणाली. आवाजातला टोमणा गेला होता. "पाद्रीपण सोडायचं आणि नुसतं वाचक व्हायचं, पोथीतले उतारे वाचायचे. वाचकाला बायको चालते. मग भिंतीची गरजच नाही."

"सांगून गेला होता."

"व्हा ना वाचक. तुमचा आवाज चांगला आहे."

विस्तेमीरने हाताला लागलेल्या चिखलाकडे पाहिलं. मिसरूड न फुटलेल्या पोरांच्या रांगेत उभं राहून आपण उतारा वाचतो आहोत, आणि वर, आपल्या वेदीपाशी, भलत्याच कुणाचे हात भाकर मोडताहेत, असं काहीतरी त्याच्या डोळ्यांपुढं आलं. तो दोन पावलं इकडे चालला, दोन तिकडे.

"मला नाही जमायचं, लिउबा. वेदीपाशी उभं राहण्याखेरीज मला येतं तरी काय?"

लिउबा भिंतीपासून बाजूला झाली.

"बरं," ती म्हणाली. चिखलात तिचे पाय पुन्हा वाजू लागले.

पुढचा गोळा आला तो जड होता, आणि लोण्यासारखा मऊ. थापताना तळहाताला एकही काडी टोचली नाही. त्याच्यामागचाही तसाच. विस्तेमीरने टाचा उंचावून पलीकडे खाली पाहिलं. गव्हाच्या काडाची अर्धी पेंढी लिउबाने पायाने बाजूला सारली होती आणि ती नुसती माती तुडवत होती. हे घर दोघांनी मिळून बांधलं होतं. काड न घालता थापलेली माती वाळली की तडकते आणि पहिल्या हिवाळी पावसात खाली येते, हे दोघांनाही ठाऊक होतं.

तिने वर पाहिलं. नजर चुकवली नाही.

विचारावं असं त्याला वाटलं. मग त्याने हात पुढे केला.

"दे."

भिंत चढत गेली. आधी लिउबाची हनुवटी दिसेनाशी झाली, मग डोळे, मग केस. शेवटी भिंतीवरून नुसता एक हात गोळा घेऊन वर यायचा. विस्तेमीर आता एकेक जागा दोनदा चोळत नव्हता. छप्पर बुटकं होतं. दिवस मावळायच्या आत भिंत त्याला टेकली.

डीकन लुपेर्सिओ आला तो तरुण, हसरा, नव्या चपला घातलेला. त्याने भिंत वरपासून खालपर्यंत पाहिली.

"शाबास, पाद्रीबुवा! मला वाटलं होतं तुम्ही चालढकल कराल. कितीतरी जणांनी नुसता पडदा लावलाय. वाऱ्यानं हलतो म्हणतात!" तो स्वतःच हसला. "पण टिकेल ना? नाहीतर हिवाळ्यात तुम्ही म्हणायचं, काय करू, पाऊस आला. बिशप मला धरतील."

"टिकेल."

"शपथेवर?"

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला.

विस्तेमीरने चिखलाचा हात वर केला. पुत्राला पित्याच्या बरोबरीचा मानणारे नव्या पंथाचे ते शब्द पहिल्या दिवसापासून त्याच्या घशात अडकत आले होते. दर रविवारी तो अर्ध्यावर थांबायचा आणि लोक माना खाली घालून वाट बघायचे; डीकनच्याही ते कानावर गेलं होतं. आत्ता ते एका दमात बाहेर पडले, स्वच्छ आणि मोठ्याने.

"पित्याला, पुत्राला आणि पवित्र आत्म्याला, तिघांनाही सारखाच महिमा असो. त्यांची शपथ घेऊन सांगतो, ही भिंत मी गेल्यावरही उभी राहील."

डीकनचा चेहरा उजळला. त्याने विस्तेमीरच्या खांद्यावर हात ठेवला.

"बघा," तो म्हणाला, "मनापासून म्हटलं की येतं."