टेपचं टोक

"सांग गं गाडे, दिवे चालू ठेवून तुझी बॅटरी कोण संपवतं ते!" धाकट्यानं मीटरच्या वायरी बॅटरीवरून ओरबाडून काढल्या. टोमणा थोरल्याला होता, नजर गाडीवर. बाप गेल्यावर त्याचं गॅरेज थोरल्यानं परस्पर विकून टाकलं, तेव्हापासून हे सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. जे ओकायचं ते गोल्फच्या मैदानावरच्या या पेट्रोल गाडीसमोर ओकायचे. थोरला ती चालवायचा, धाकटा ती दुरुस्त करायचा.

रोज सकाळी भरलेल्या बॅटरीवर गाडी निघायची आणि दुपारी मैदानाच्या मधोमध मरायची. इंजिन चालू असताना बॅटरी भरत राहायला हवी. ती भरत नव्हती. काल तर मालकाच्या पाहुण्यांना उतरून गाडी ढकलावी लागली. आज मॅनेजर स्वतः शेडमध्ये उभा होता. दोष सापडला नाही, तर ड्रायव्हर घरी.

"पट्टा ताठ. जनरेटर ठणठणीत. बॅटरी नवी," धाकटा म्हणाला. "खराब वस्तू एकच आहे. ती सीटवर बसते."

मॅनेजर फिदीफिदी हसला. थोरल्याचं टाळकं सटकलं.

"ऐक गं गाडे, ज्याला पाना धरायला मी शिकवलं त्याची अक्कल मला नको!"

त्यानं सीट उचलून भिरकावली. ड्रायव्हरनं आतल्या कशाला हात लावायचा नाही असा नियम होता. नियम गेला चुलीत.

"हात काढ आधी!" धाकटा ओरडला. इतक्या काळात पहिल्यांदाच तो थेट थोरल्याशी बोलला होता.

थोरल्यानं हात आणखी आत घातला. जनरेटरची वीज बॅटरीला सोडणाऱ्या रेग्युलेटरच्या मागे बोटांना एक वायर लागली. बॅटरीकडे जाणारी. तुटलेली नव्हती, नट काढून सोडवलेली होती. तिच्या उघड्या टोकाला काळी टेप गच्च गुंडाळलेली, आणि टेपचं टोक दुमडून ठेवलेलं. ती बापाची सवय. पुढच्याला नखानं खरवडत बसायला लागू नये म्हणून. ह्या शेडमध्ये असं टोक दुमडणारे दोघेच होते, आणि त्यातला एक थोरला स्वतः होता.

त्यानं वर पाहिलं. धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. एक शब्द पुरे होता. हे कारटं आत्ता, ह्या क्षणी फाटकाबाहेर गेलं असतं.

"काय सापडलं?" मॅनेजरनं विचारलं.

पुरावा म्हणून दाखवायला थोरल्यानं टेप खसकन सोलली. वायरचं नागडं टोक गाडीच्या लोखंडाला घासलं. चट्! निळी ठिणगी उडाली. थोरला झटक्यानं मागे सरला. वीतभर अंतरावर पेट्रोलची टाकी होती.

तो टाकीकडे बघत राहिला. मग त्यानं टेप मुठीत चुरगळली.

"वायर हादऱ्यानं निसटली होती, साहेब," तो म्हणाला. "बसवतो."

मॅनेजर पाय आपटत निघून गेला. थोरल्यानं नट करकचून आवळला आणि टेपचा गोळा धाकट्याच्या छातीवर फेकला.

"हरामखोरा, माझ्या पोटावर पाय द्यायला निघाला होतास ना? मग टेप कशाला लावलीस?"

धाकट्यानं खाली वाकून गोळा उचलला.

"त्या टाकीवर तू बसतोस, मूर्खा."