ऑक्टोपसचे खेकडे

निनादनं दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याच्या टाकीत ऑक्टोपस पाळला होता. त्याला जिवंत खेकडे लागत. घर शाकाहारी, म्हणून सोलापूरच्या मासळीबाजारात बायकोलाच, संघप्रियाला, पाठवलं जाई. "तुमच्यात खातात, तुला पारख असेल," सासूबाई म्हणाल्या होत्या. ती चपळ, भरलेले खेकडे निवडून आणी. मेलेला निघाला तर ऑक्टोपस शिवतही नसे. सातव्या महिन्यात तिलाच खेकड्यांचे डोहाळे लागले. पिशवी हातात धरूनच तिनं विचारलं, "आई, यातले दोन शिजवू? अंगणात चूल मांडते." "आपल्यात चालत नाही गं." "ऑक्टोपसला चालतं की." "तो मुका जीव आहे. तुला कळायला नको?" संघप्रियानं निनादकडे पाहिलं. तो टाकीची काच पुसत राहिला. पिशवीसकट ती माहेरी निघाली. रिक्षापर्यंत निनाद धावत आला. तिला वाटलं, थांबवेल. "अगं, पिशवी ठेवून जा. तो सकाळपासून उपाशी आहे."