पितळी किल्ली

किल्ली भिंतीवरून फिरली आणि खोल, पांढरा ओरखडा उठला. सासऱ्यांनी बोटावरची भुकटी सुनेच्या नाकासमोर धरली.

"ही तुझी टाकी. फुंकर मार, उडून जाईल."

"सिमेंटमध्ये राख घातलीय, बाबा. ती सावकाश धरते. महिनाभर थांबा."

"राखेनं भांडी घासतात. टाक्या बांधत नाहीत."

"ती चुलीतली. ही वीजकेंद्रातली. आणि नुसत्या सिमेंटच्या टाकीचं काय होतं, ते शेजारी उभंच आहे."

मुकादमाला एकाएकी पाण्याच्या पाइपात फार रस वाटू लागला. शेजारची जुनी टाकी सासऱ्यांनीच बांधलेली. खाऱ्या जमिनीनं तिच्यातलं लोखंड खाल्लं होतं आणि ती चारी अंगांनी गळत होती. घरात तिचा विषय निघत नसे.

सासरे जुने कंत्राटदार. प्रयोगशाळेच्या यंत्रापेक्षा त्यांचा गोदामाच्या पितळी किल्लीवर भरवसा. जन्मभर प्रत्येक भिंत त्यांनी तिनंच ओरबाडून पाहिली. किल्ली कमरेच्या साखळीला असे. कुणाला एक पोतं सिमेंट हवं असलं, तरी साखळीमागोमाग अख्खे सासरे यावे लागत.

"दिला महिना," ते म्हणाले. "तेव्हाही ओरखडा उठला तर भिंत फोडायची. आणि तू ऑफिसात बसून बिलं करायची. साइटवर पाऊल टाकायचं नाही."

"आणि नाही उठला तर?"

"उठेल की."

अशा काँक्रीटला पाणीही जास्त दिवस पाजावं लागतं. सुनेनं भिंतीवर गोणपाटं टांगली आणि ती सुकू दिली नाहीत. सुट्टीच्या दिवशीसुद्धा ती पाइप घेऊन हजर.

"वहिनी, एवढं पाणी झाडाला घातलं असतं तर फळं लागली असती," मुकादम म्हणाला.

"लागतील," ती म्हणाली आणि पाइप दुसऱ्या कोपऱ्याकडे ओढला.

सासरे मात्र तिकडे फिरकले नाहीत. निदान जेवताना रोज तसं सांगत. न विचारता सांगत.

महिना भरला. सुनेनं स्वतः एकेक गोणपाट उतरवलं. कोपऱ्यातलं शेवटचं काढलं आणि तिचा हात थबकला. त्याच्याआड एकाखाली एक रेघा होत्या. वरच्या पांढऱ्या आणि खोल. मधल्या नुसत्या खरचटल्यासारख्या. खालच्या तर ओरखडेच नव्हते. भिंतीवर पितळ घासलं जाऊन उमटलेल्या पिवळ्या, चकचकीत रेघा होत्या त्या. कुणीतरी रोज गोणपाट उचलत होतं आणि पुन्हा नीट लावून ठेवत होतं.

"पोरं असतील कुणाची," सासरे आभाळाकडे बघत म्हणाले.

मुकादमाला खोकला आला.

सासऱ्यांनी भिंतीला किल्ली लावली नाही. "चला, गोदाम उघडतो. पुढच्या भिंतीचं सिमेंट काढायचंय," म्हणत ते निघाले. ही दोघं मागोमाग.

किल्ली कुलपात गेली, पण फिरेना. त्यांनी हिसके दिले. मुकादमानं तेल सोडलं. शेवटी त्यांनी किल्ली बाहेर काढून उजेडात धरली. तिचे दात पार झिजून गेले होते.

त्यांनी किल्लीकडे पाहिलं. मग टाकीकडे.

"कुलूपवाल्याला बोलावून घे," ते सुनेला म्हणाले. "नवी किल्ली करायला सांग."

ती वळली. चार पावलं गेली असेल, तोच मागून आवाज आला.

"दोन करायला सांग."