एका पायातली चप्पल

२०१९च्या कार्तिकात, दिवेलागणीला, आदेश बायकोला पहिल्यांदा ‘येडी’ म्हणाला.

विहिरीवरची मोटार बंद करून दोघं अवसरीच्या उसातल्या वाटेनं घरी निघाली होती. आदेश मुळात घुमा. दिवसाकाठी चार शब्द बोलला तर पुष्कळ. समृद्धी घाटघरची, भाताच्या रानातली. बारावीत नापास झाल्यापासून बापानं तिला नावानं हाक मारली नव्हती. मठ्ठ, बिनडोक, ठोंबी. या घरात मात्र सहा महिन्यांत त्यातला एकही शब्द कानावर पडला नव्हता. तेवढ्यासाठी तिनं नवऱ्याचा घुमेपणा गोड मानून घेतला होता.

‘म्होरं हो, येडे!’ तिला पुढं ढकलून तो मागं राहिला.

‘अवो, काय झालं?’

‘चाल म्हणलं ना! डोक्यात काय भुसा भरलाय?’ त्यानं तिच्या हातातली बॅटरी हिसकावली. खोरं दगडावर आपटलं.

पाटाच्या चिखलात तिची एक चप्पल रुतून पायातून निघाली. ती उचलायला वाकणार, तोच त्यानं दंड धरून तिला सरळ केलं.

‘वाकू नको, मठ्ठ! ऱ्हाऊ दे ती!’

मठ्ठ. थेट बापाचाच शब्द. समृद्धी पेटली. ‘तुमी कोण लागून गेलात शहाणे? उद्या पयल्या एसटीनं जाते मी!’

‘कुठं?’

‘कुठंबी! जिथं ह्ये ऐकाया लागणार न्हाई तिथं!’

‘जा की! पर मोठ्यानं बोल, ठोंबे! ऐकू येईना!’

ती मोठ्यानं बोलली. सहा महिन्यांचं साचलेलं सगळं बोलली. एका चपलेवर, ताठ मानेनं, पाय आपटत अंगणातल्या दिव्यापर्यंत आली.

तिथं आदेश मटकन खाली बसला.

‘बिबट्या व्हता,’ तो म्हणाला. ‘विहिरीपासनं आपल्या बरुबरीनं चालत व्हता, उसाच्या कडंनं.’

‘आन् मला सांगायचं न्हाई?’

‘पळाली असतीस. पळणाऱ्यावर झेप घेतो त्यो. वाकलेल्यावर बी. रागावलेलं माणूस पळत नाय. तू बापाचं सांगितलं व्हतं, तेवढं ध्यानात व्हतं.’ तो खाली बघत राहिला. ‘आवाज असला की त्यो लांब ऱ्हातो. लई वेळ बोलायचं व्हतं. दुसरं काय सुचंना.’

बिबट्या पुढच्याच आठवड्यात वनखात्याच्या पिंजऱ्यात सापडला. बाप दोन वर्षांनी वारला, शेवटपर्यंत जावयालाच शहाणा म्हणत. आदेश पुन्हा घुमा झाला. आणि समृद्धी अजूनही, सांज झाली की, उसात शिरताना त्याला पुढं घालते, आपण मागं राहते आणि खणखणीत आवाजात विचारते, ‘गप का? म्हणा की मला येडी!’